गावचे फाटक बंद करून भुयारी मार्ग करण्याचा प्रस्ताव आला आहे. पैसा कोणत्या खात्यातून येतो आणि ग्रामपंचायतीने काय लिहून द्यावे?

प्रश्न : कास्तकार, वर्धा–बडनेरा पट्टा

सर्वांना नमस्कार. वर्धा आणि बडनेरा यांच्या दरम्यान, हावडा–मुंबई मुख्य मार्गालगत आमचे गाव आहे. गावठाण रुळांच्या एका अंगाला आणि बहुतेक शेती दुसऱ्या अंगाला असल्यामुळे पेरणीपासून कापूस घरी येईपर्यंत प्रत्येकाला दिवसातून दोन-चार वेळा फाटक ओलांडावेच लागते. गेटमन आहे, फाटक नीट लावले जाते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र एक गाडी गेली की दुसरीची सूचना येते, आणि तोवर दोन्ही बाजूंना बंड्या, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली यांची रांग लागलेली असते. तरुण पोरे मोटारसायकल आडवी कलती करून दांड्याखालून काढतात. गेल्या हंगामात कापसाने भरलेल्या ट्रॉलीचे मागचे चाक रुळालगतच्या फरशीच्या उखडलेल्या खाचेत अडकले. गेटमनने स्टेशनला फोन लावला, आम्ही आठ-दहा जणांनी खांदा दिला आणि ट्रॉली निघाली. परंतु त्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते.

आता फाटक कायमचे बंद करून त्या जागी मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग करण्याबाबत ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागणारे पत्र आले आहे. ग्रामसभेत त्यावर तीन तट पडले. काहींच्या मते असे पत्र दिले की खर्चाचा वाटा ग्रामपंचायतीच्या माथी येईल, म्हणून नकार द्यावा. काहींना उड्डाणपूलच हवा आहे. उरलेल्यांचे म्हणणे, फाटक आहे तसे राहू द्या, पावसाळ्यात भुयारात पोहत जाण्यापेक्षा फाटकावर थांबलेले बरे. मला समजून घ्यायचे आहे ते एवढेच, की अशा कामाचा पैसा नेमका कोठून येतो, उड्डाणपूल मिळण्यासाठी कोणता निकष आहे, आणि ना-हरकत देताना काय लिहिले नाही तर पुढे पस्तावावे लागेल. पुढील ग्रामसभेच्या आधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, अकोला

भाऊ, माझी बरीच नोकरी रेल्वेच्या स्थापत्य शाखेत गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात खर्चापासून करतो, कारण तुमच्या ग्रामसभेत सर्वांत जास्त गैरसमज तिथेच दिसतो. अस्तित्वात असलेल्या फाटकाच्या बदल्यात मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग होत असेल तर त्याचा खर्च रेल्वे करते; ग्रामपंचायतीला वाटा द्यावा लागत नाही. वाटा मागितला जातो तो वेगळ्या परिस्थितीत. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६ नुसार रुळालगतच्या जमीनधारकांसाठी जाण्या-येण्याचे रस्ते, पूल, नाले करून देणे हे रेल्वेचे कर्तव्य आहे, पण मार्ग वाहतुकीस खुला होऊन दहा वर्षे उलटल्यावर अशा वाढीव कामांचा खर्च करण्यास रेल्वे बांधील राहत नाही. कलम १७ नुसार ज्याला नवीन वाट हवी त्याने, मग तो जमीनधारक असो, राज्य शासन असो की स्थानिक संस्था, ती स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी लागते. त्यामुळे ठरावातील शब्दरचना फार महत्त्वाची ठरते. तुमच्या ठरावात ‘गावाला नवीन भुयारी मार्ग मिळावा’ असे लिहिले आणि सोयीसाठी जागाही फाटकापासून दूर, पांदणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या, तोंडाशी सुचवली, तर ते प्रकरण कलम १७ खाली जाऊन ठेव रकमेच्या कामात मोडते, म्हणजे पैसा आधी तुम्ही भरायचा. तेच ‘अस्तित्वातील फाटकाच्या बदल्यात’ असे लिहिले, तर रेल्वेच्या सुरक्षा कामात बसते. एका वाक्यामुळे वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या फाइली मी हाताळल्या आहेत.

रेल्वेकडे हा पैसा येतो कसा, तेही पाहा. केंद्रीय रस्ते निधी अधिनियम २००० नुसार पेट्रोल-डिझेलवरील उपकराचा काही हिस्सा रेल्वेवरील पूल, भुयारी मार्ग आणि फाटकांवरील सुरक्षा कामांसाठी ठेवलेला आहे. २०१८ पासून या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्दही आले. म्हणजे तुम्ही ट्रॅक्टरमध्ये टाकता त्या डिझेलमधून तुम्ही या कामाचा पैसा आधीच भरता आहात. त्याशिवाय २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय रेल संरक्षा कोष स्थापन झाला, पाच वर्षांसाठी एक लाख कोटी रुपयांचा, आणि पुढे त्याची मुदत वाढवण्यात आली. रेल्वेच्या हिशेबात फाटकांची कामे योजना शीर्ष २९ खाली आणि पूल व भुयारी मार्ग शीर्ष ३० खाली दाखवतात. अर्थसंकल्पानंतर प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेची मंजूर कामांची यादी पिंक बुकात छापली जाते. ती रेल्वेच्या संकेतस्थळावर असते. त्यात तुमच्या फाटकाचा क्रमांक शोधा. क्रमांक सापडला तरी लगेच पेढे वाटू नका, समोरची रक्कमही पाहा, कारण कित्येक कामांपुढे केवळ हजार रुपयांची प्रतीकात्मक तरतूद असते. काम मंजूर आहे आणि पैसा नाही, असा तिचा सरळ अर्थ.

उड्डाणपुलाचा निकष गाडी-वाहन एककांवर ठरतो. चोवीस तासांत जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरील वाहनांची एकके, असा तो गुणाकार आहे. मोटार, ट्रॅक्टर आणि बैलबंडी प्रत्येकी एक एकक, ऑटोरिक्षा अर्धे. हा गुणाकार एक लाखावर गेला तर राज्य शासन आणि रेल्वे यांनी निम्मा-निम्मा खर्च करून पूल बांधायचा, अशी जुनी पद्धत आहे. अलीकडे काही ठिकाणी रेल्वेने पूर्ण खर्चही उचलला असून, आपल्याकडे पुष्कळशी कामे राज्य आणि रेल्वे मंत्रालय यांच्या संयुक्त कंपनीमार्फत, म्हणजे महारेलमार्फत होतात. सेतू भारतम् योजनेचे नाव तुमच्या ग्रामसभेत कोणी घेतले असेल तर एवढे सांगा की २०१६ ची ती योजना राष्ट्रीय महामार्गांवरील फाटकांसाठी होती, गावरस्त्यासाठी नव्हे. आता समजा तुमच्या मार्गावर दिवसाला शंभर गाड्या धावतात. लाखाला पोहोचायचे तर रोज हजार वाहने फाटकावरून गेली पाहिजेत. शेतरस्त्यावर ती कोठून आणणार? म्हणून उड्डाणपुलाचा हट्ट धरून बसण्यात वर्षे जातील, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही फाटकावरील वाहनांच्या गणतीकडे दुर्लक्ष करू नका. ही गणती ठरावीक वर्षांनी होते आणि ती कोणत्या महिन्यात झाली यावर निकाल बदलतो. मे महिन्यात, शेते मोकळी असताना, फाटकावर माणूस बसवला तर त्याला काय दिसणार? नोव्हेंबर ते जानेवारीत, कापूस जिनिंगकडे निघतो तेव्हा मोजा म्हणावे. शेवटची गणती कधी झाली आणि आकडा किती आला, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. आकडा लाखापर्यंत जाणार नाही, पण तो दुसऱ्या कारणासाठी उपयोगी आहे, ते विचारलेत तर पुढे लिहीन.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पट्ट्यापुरती खास आहे. वर्धा–भुसावळ दरम्यानच्या ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गाला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. चार रुळ झाल्यावर हे फाटक आजच्याइतकेही उघडे राहणार नाही, हे ग्रामसभेत सर्वांना सांगा. दुसरे असे की, नवीन मार्गाचे नकाशे पक्के होण्याआधी मागितलेली गोष्ट, मग ती नाल्याचे रुंदीकरण असो की भुयाराची वाढीव उंची, प्रकल्पाच्या खर्चात बसते. रुळांखालचा मातीचा भराव पडल्यानंतर तीच गोष्ट मागायला गेलात तर पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात.

उत्तर : माजी सरपंच, यवतमाळ जिल्हा

अभियंता साहेबांनी पैशाचे सांगितले, मी पाण्याचे सांगते. आमच्याकडे भुयारी मार्ग झाला तेव्हा मी सरपंच होते आणि ना-हरकतीवर माझीच सही आहे. उन्हाळ्यात काही तासांसाठी गाड्या थांबवल्या, क्रेनने सिमेंटचे तयार चौकोनी ठोकळे एकामागून एक खाली उतरवले, वरून पुन्हा रुळ बसवले आणि दिवस मावळण्याच्या आत गाडी गेली. सारा गाव पाहायला जमला होता, आणि खोटे कशाला बोलू, मलाही फार अभिमान वाटला.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला आणि भुयारात कमरेइतके पाणी साचले. आपली काळी माती एकदा फुगली की पाणी मुरू देत नाही. भुयाराचा तळ शेजारच्या नाल्याच्या तळापेक्षा खाली ठेवलेला असल्यामुळे पाणी आपल्या पायाने बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता, उलट नाला भरला की तोच आत शिरत असे. मानव विकास कार्यक्रमाची शाळकरी मुलींसाठीची निळी बस मुलींना अलीकडच्या फाट्यावरच उतरवू लागली, आणि मुली दप्तर डोक्यावर घेऊन रुळावर चढून पलीकडे जाऊ लागल्या. ज्या धोक्यासाठी फाटक बंद केले तो धोका आता विना-फाटक, विना-गेटमन सुरू झाला होता.

मी तक्रार घेऊन गेले तेव्हा मला माझाच कागद दाखवण्यात आला. भुयारातील रस्ता, नाली आणि पाण्याचा उपसा यांची देखभाल स्थानिक संस्था करील, असे हमीपत्र आम्ही दिले होते. ते साच्यात छापून आले होते आणि मी ते पुरते न वाचता सही केली, ही माझी चूक. मग पंप बसवला तो पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून. त्या निधीतला साठ टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता आणि गावाच्या इतर गरजांसाठी चाळीस टक्केच उरत होता, त्यामुळे त्या वर्षी आमच्या दोन गल्ल्यांचे रस्ते राहिले. बायका अजून बोलून दाखवतात.

म्हणून भाऊ, ना-हरकत द्या, पण नकाशा पाहिल्याशिवाय देऊ नका. नकाशात नाल्याचा तळ आणि भुयाराचा तळ यांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून मागा. दोन आकड्यांतली वजाबाकी चौथीतले पोरही करून देईल. उतारावर पत्र्याचे छत, दोन्ही तोंडांशी रस्त्याला आडवी जाळीची नाली आणि पाणी आत वळू नये म्हणून थोडा उंचवटा, पाणी साठवण्याची विहीर आणि पंप, पंपाची वीजजोडणी कोणाच्या नावे, हे सारे लिहून घ्या. आणि हमीपत्रात ग्रामपंचायतीचे नाव येऊ देऊ नका. रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर देखभालही त्यांच्याकडेच राहावी. ग्रामीण मार्ग म्हणून त्याची नोंद आहे की नुसती पांदण आहे, ते आधी बांधकाम उपविभागात जाऊन तपासा. पांदण असेल तर सगळे तुमच्याच गळ्यात पडेल.

उत्तर : मूळ हिंगणघाट, सध्या ओहायो

थोडे विषयाला धरून, थोडे बाहेरचे. अमेरिकेतही हा प्रश्न आहे, आणि इथल्या गावांत मैलभर लांब मालगाड्या फाटकावर तासन्‌तास उभ्या राहतात ही वेगळीच डोकेदुखी आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने फाटके हटवण्यासाठी स्वतंत्र अनुदान योजना आणली, पाच वर्षांसाठी ३०० कोटी डॉलरची. तिच्यात किमान २० टक्के रक्कम ग्रामीण आणि आदिवासी भागांसाठी राखीव आहे. मला त्यातले लक्षणीय वाटते ते हे, की छोटे नगरसुद्धा थेट संघराज्याच्या रेल्वे प्रशासनाकडे अर्ज करू शकते. अर्थात खर्चाचा किमान पाचवा हिस्सा अर्जदाराकडून किंवा अन्य स्थानिक स्रोतांतून उभा करावा लागतो, त्यामुळे गरीब गावे तिथेही अडखळतात. आपल्याकडे ग्रामपंचायतीला अर्जाची अशी वाटच नाही, हे वाचून वाईट वाटले.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, अकोला

वाट नाही असे नाही, आडवाट आहे. ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, कारण फाटक बंद करण्यास राज्य शासनाची संमती लागते आणि ती संमती प्रत्यक्षात जिल्हा प्रशासनामार्फत फिरते. रेल्वेला ही संमती हवी असते, आणि गावाच्या हातात असलेली एकमेव वस्तू तीच आहे. एकदा सही झाली की ती परत येत नाही. ताईंनी जे सांगितले ते मी नोकरीत असताना कोणा सरपंचाला सांगितले असते तर वरिष्ठांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिले असते, पण त्यांचा शब्दन्‌शब्द बरोबर आहे.

उत्तर : सोयाबीनवाला, वाशीम

माझा प्रश्न वेगळा आहे. फाटक ठेवूनच ते सुरक्षित का करू नये? भुयाराच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी करतात, तिच्याखालून आमचा हार्वेस्टर जात नाही, आणि कडब्याची भरलेली गाडीही अडते. गेटमनच्या पगाराचे पैसे वाचवायला हे सगळे चालले आहे, असा मला संशय आहे.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, अकोला

संशय अगदीच निराधार नाही, फाटकावर पाळीपाळीने माणसे ठेवावी लागतात आणि तो खर्च कायमचा असतो. पण कारण तेवढेच नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्येच, माणूस असलेली आणि नसलेली, सगळी फाटके पाच वर्षांत हटवण्याची शिफारस केली होती आणि त्यासाठी सुमारे ५० हजार कोटी रुपये लागतील असे म्हटले होते. आपल्या नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ फेब्रुवारी २००५ मध्ये वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेखाली सापडून पन्नासहून अधिक माणसे गेली, ते फाटक विनापहारा होते. तसली ब्रॉडगेजवरची सगळी फाटके हटवायला जानेवारी २०१९ उजाडले. पैसा आधी तिकडे गेला, आणि माणूस असलेल्या फाटकांची पाळी आता आली आहे.

माणूस आहे म्हणजे धोका नाही, असेही समजू नका. फाटक दोन प्रकारचे असते. सिग्नलशी जोडलेल्या फाटकावर दांडा पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. न जोडलेल्या फाटकावर मात्र सगळी भिस्त फोनवर: स्टेशनमास्तर गाडीची सूचना देतो, गेटमन फाटक लावतो आणि दोघे एकमेकांना गुप्त क्रमांक सांगून वहीत लिहितात. क्रमांक दिला गेला आणि फाटक उघडेच राहिले, तर गाडीला थांबवणारे मध्ये काही नसते. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील कडलूरजवळ शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसून मुले दगावली, ते न जोडलेलेच फाटक होते. त्यानंतर सिग्नल जोडणीची मर्यादा २० हजार एककांवरून १० हजारांवर आणण्याचे आदेश निघाले आणि फाटकांवर सीसीटीव्ही लावण्याचेही ठरले. मघाशी गणतीचा आकडा दुसऱ्या कारणासाठी उपयोगी आहे असे म्हटले ते हेच. शंभर गाड्यांच्या मार्गावर दिवसाला शंभर वाहने भरली की दहा हजार झाले. भुयाराचे काम पिंक बुकात हजार रुपयांवर पडून राहिले, तर तोवर आपले फाटक जोडलेले आहे का, हे विचारण्याचा हक्क त्या आकड्याने मिळतो.

हार्वेस्टरबाबत मात्र तुमचे म्हणणे रास्त आहे. उंची ठरते ती भरावाच्या उंचीवरून, आणि भराव ठेंगणा असेल तर खाली खोल जावे लागते, म्हणजे पुन्हा ताईंचे पाणी. अशा ठिकाणी अवजड वाहनांसाठी जवळच्या पुलापर्यंत रुळालगत जोडरस्ता मागावा. तो रस्ता मागण्याची वेळही ना-हरकत देण्याआधीचीच.

प्रश्नकर्ता : कास्तकार, वर्धा–बडनेरा पट्टा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल गेटमनला सहज विचारले, आमचे फाटक सिग्नलशी जोडलेले आहे. बांधकाम उपविभागातही जाऊन आलो. रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून नोंदलेला आहे, पण नोंद फाटकाच्या अलीकडेच संपते आणि पलीकडे पांदण सुरू होते, त्यामुळे ताईंनी सांगितलेली गोम आमच्याकडेही निघाली. नोंद पुढे वाढवण्याचा वेगळा ठराव आधी घेतो आणि ना-हरकतीचा ठराव त्यानंतरच्या सभेत ठेवतो. नकाशाची मागणी लेखी केली आहे. एक शंका उरली : गणती रात्रीही होते का? आमच्याकडे शेतीपंपाला आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची वीज असते, आणि ओलितासाठी माणसे रात्री दोन वाजतासुद्धा फाटक ओलांडतात.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, अकोला

होय, गणती चोवीस तासांची असते, त्यामुळे रात्री जाणारा ट्रॅक्टर आणि बंडी दोन्ही धरले जातात. हातात बॅटरी घेऊन पायी जाणारा माणूस मात्र एककांत बसत नाही. त्याच्यासाठी भुयारात एका बाजूने रस्त्यापेक्षा उंच पायवाट आणि रात्रभर चालणारे दिवे, हे दोन मुद्दे ठरावात वेगळे लिहा, आणि दिव्यांचे बिल कोण भरणार तेही त्याच ओळीत.